दोनशे पांढरे बुंधे

सफरचंदाच्या कलमात कौतुक होतं ते वरच्या वाणाचं. पण झाड किती वाढणार, किती तग धरणार, हे ठरवतो खालचा खुंट. शारजाच्या वाळूत आम्ही नेमकं तेच तपासत होतो. वाण एकच, बुटके खुंट तीन प्रकारचे, आणि दोन-दोन फुटांवर दाटीने मांडलेल्या दोनशे कुंड्या. सफरचंदाला थंडी लागतेच आणि इथला हिवाळा नावालाच, म्हणून दरवर्षी दोन महिने झाडं शीतगृहात ढकलायची, मग परत हरितगृहात आणायची. या ने-आणीत जागा बदलायच्या. प्लॅस्टिकच्या चिठ्ठ्या उन्हाने तडकून गळायच्या. म्हणून मी प्रत्येक बुंध्यावर खुंटाप्रमाणे लाल, निळा किंवा पिवळा ऑइलपेंटचा पट्टा ओढला होता. तीन वर्षांच्या नोंदी त्या पट्ट्यांच्या भरवशावर होत्या.

चार दिवसांच्या सुट्टीवरून परतलो, तर सगळे बुंधे पांढरेशुभ्र! आपल्याकडे मंत्री येणार म्हटलं की रस्त्याकडेच्या झाडांना चुना फासतात ना, तसे. चुना नीट बसावा म्हणून आधी पट्टे पॉलिश पेपरने घासून काढलेले. काही ठिकाणी कोवळी सालही सोलली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमचे मुकादम रत्नागिरीचे, वयाने मोठे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी त्यांच्यावरच ओरडलो. त्यांनी मोबाइलवर मॅनेजरचा व्हॉइस मेसेज लावला. "चाचा, उद्या गेस्ट येतायत. वो कलर के पट्टे एकदम चीप दिसतात. सगळं क्लीन करून चुना मारा. यल्ला, जल्दी!"

हा मॅनेजर मराठी, वर शेतकीचा पदवीधर. पट्टे कशासाठी आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अडाण्याला माफ करता येतं, याला कसं करायचं?

पुढच्या आठवड्यात मालकाने आम्हा तिघांना बोलावून विचारलं, कुठल्या खुंटावरची झाडं जास्त टिकली? मॅनेजर बिनदिक्कत म्हणाला, "लेबर मिस्टेक, सर. मार्किंग गेलं."

मी उसळलो. "साफ खोटं! यांचाच मेसेज चाचांच्या फोनमध्ये आहे."

मालकाने फोनसाठी हात पुढे केला. चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले, "डिलीट हो गया, सर. गलती मेरी है."

"खलास," म्हणून मालक उठला.

बाहेर मी चाचांना गाठलं. "मी तुमच्यासाठी भांडतोय आणि तुम्ही मलाच तोंडघशी पाडता?"

"सर, तुम्ही शिकलेले. तुम्हाला दुसरी नोकरी भेटेल," ते शांतपणे म्हणाले. "माझा आणि माझ्या पोराचा, दोघांचा व्हिसा ह्या मॅनेजरच्या हातात आहे."

मी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. दुसरी नोकरी पंधरा दिवसांत मिळाली, पगारही जास्त. चाचांचं म्हणणं इतकं बिनचूक खरं ठरलं, याचाच मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो.