विनिता सिस्टरांचा कोरा तक्ता

ठाण्याच्या एका इस्पितळात, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या कक्षात, डोंबिवलीच्या विनिता सिस्टर बावीस वर्षं काम करताहेत. ही बाळं मधूनच श्वास घ्यायचं विसरतात. ओठांभोवतीचा रंग जरा उतरला की सिस्टरांचा हात काचेच्या पेटीत जातो, दूध उतू जायच्या आत गॅसकडे जावा तसा. तळव्याला एक टिचकी, आणि श्वास पुन्हा सुरू. श्वासावर नजर ठेवणाऱ्या मशीनला ओरडायची वेळच येत नाही.

यंदा तिथे संशोधन सुरू झालं. श्वास थांबू नये म्हणून द्यायचं औषध किती द्यावं, ते ठरवायचं होतं. श्वास वीस सेकंद थांबून मशीन वाजलं की तक्त्यात नोंद करायची. बाकीच्या पाळ्यांचे तक्ते भरायचे, विनितांचा कोरा.

संशोधन बघणाऱ्या डॉक्टर प्रफुल्लनी सगळ्या बाळांच्या आयांसमोर त्यांना कामचुकार ठरवलं. सिस्टरांनी टिचकीचं सांगितलं, तर ते आणखी चिडले. कालपरवा आलेल्या पोराने बावीस वर्षांचा हात चुकीचा ठरवला.

"मशीन वाजेपर्यंत थांबायचं, सिस्टर. नाहीतर माझे आकडे चुकतात."

"आणि तेवढ्यात बाळ निळं पडलं तर?"

"वीस सेकंदांत काही होत नाही."

टिटवाळ्याची सोनल बाजूच्या पेटीशी उभी होती. तिचं बाळ अकराशे ग्रॅमचं, अजून बारसंही न झालेलं. तिने पिशवीतून, दुधाच्या वाटीखाली घडी करून ठेवलेला संशोधनाच्या संमतीचा कागद काढला. त्यावर तिची सही होती. तिने बोट ठेवून वाचलं, "बाळाच्या नेहमीच्या काळजीत कोणताही बदल होणार नाही." मग शांतपणे विचारलं, "डॉक्टर, टिचकी ही नेहमीची काळजी नाही का? मग थांबा असं कुठे लिहिलंय?"

प्रफुल्ल म्हणाले, संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीला विचारतो. आयांसमोर बोललेले शब्द मात्र त्यांनी आयांसमोर मागे घेतले नाहीत.

ते गेल्यावर सिस्टरांनी तक्ता ओढला. समासात पेनाने उभी रेघ मारून नवा रकाना केला आणि वर लिहिलं: मशीनआधी टिचकी. पाळी संपेपर्यंत त्या रकान्यात सोनलच्या बाळापुढे चौदा नोंदी झाल्या. छापील रकाना कोराच राहिला. बाळ एकदाही निळं पडलं नव्हतं.