मालतीच्या खालची सही

मालती गेल्याचं मला भाजीवालीनं सांगितलं. "बाई, तुमच्या मैत्रीणबाई काल गेल्या ना?" मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकता टाकता तिनं विचारलं. तीस वर्षांची मैत्री, तिच्या खोताच्या वाडीपासून माझ्या घरापर्यंत दोन गल्ल्यांचं अंतर, आणि बातमी बाजारात कळावी... चूक माझीच होती. चार वर्षं मी तिच्याशी बोलत नव्हते.

मालतीनं गिरगावात मुलींची शाळा उभी केली, मग परळला गिरणीकामगारांच्या मुलींसाठी चित्रकलेचे आणि गाण्याचे वर्ग काढले. संस्थेची ती अध्यक्ष, मी चिटणीस. गाण्याचा तिला गंधही नव्हता. संमेलनात माझ्या कानाला लागायची, "इंदू, आता टाळ्या वाजवायच्या का गं?" पण लालबागच्या चाळीत एखादी आई मुलीला वर्गाला पाठवत नसली की ही बया तिच्या उंबऱ्यावर ठाण मांडायची. "चहा नको. मुलीला पाठवताय का, तेवढं सांगा." एकदा एक माउली वैतागून म्हणाली, "न्या वो बाई तिला, पण आता उठा. मला भाकऱ्या टाकायच्यात!" परतीच्या वाटेवर मालती हसत होती आणि माझे पाय मोडून आले होते.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. आमचं सभागृह एका रविवारी सभेसाठी हवं होतं, आणि नेमकी त्याच दिवशी तिथं परळच्या मुलींची चित्रकलेची सरकारी परीक्षा होती. मालती सभेला नाही म्हणाली. मी मुळातच तापट. सगळ्या कार्यकारिणीसमोर बोलून गेले, "तुला महाराष्ट्र नकोच आहे!"

"हवा आहे गं," ती म्हणाली. "पण या पोरींचं वर्ष मी कसं वाया घालवू?"

मी तिथल्या तिथं राजीनामा लिहिला आणि तिच्या पुढ्यात आपटला.

पुढं तिचं म्हणणं मला पटलं. पण ते सांगायला गेले नाही. वाटायचं, तिनं यावं. राज्य झालं त्या दिवशी पेढे आणले, तिच्या वाटचे चार वेगळे काढले, दोनदा तिच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी ते मीच खाल्ले. घरात मी एकटी, त्यामुळे पेढे कुणासाठी ठेवले होते हे विचारणारंही कुणी नव्हतं.

शोकसभेच्या आदल्या दिवशी संस्थेचे कारकून सावंत दुखवट्याचा ठराव घेऊन आले. "सही करा बाई. चिटणीस तुम्हीच."

"अहो, मी राजीनामा दिलाय."

"तो मीटिंगपुढं कधी आलाच नाही. तुमचं काम त्याच करायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, राहू द्या सावंत, इंदूचा राग आहे तो, उतरेल."

मी ओक्साबोक्शी रडले. सावंत बिचारे खिडकीबाहेर बघत उभे राहिले. बऱ्याच वेळानं डोळे पुसून मी टाक उचलला.

संस्थेच्या कागदावर आधी अध्यक्षांची सही, तिच्याखाली चिटणिसाची, ही आमची रीत. सावंतांनी कागद हातात घेतला आणि घुटमळले.

"बाई, हा ठराव तुमच्या एकटीच्याच सहीनं जायचाय."

मी पाहिलं. सवयीनं मी अगदी तळाशी सही केली होती... वर मालतीच्या सहीपुरती जागा सोडून.