दुर्बिणीचं ऑपरेशन

त्या वर्षी आम्हा शिक्षिकांनाही कुटुंबनियोजनाच्या दोन-दोन केसेस आणायला सांगितल्या होत्या. मी बदलापूरला, कुळगावच्या शाळेत शिकवत होते. दुसरी केस काही मिळेना, म्हणून अंबरनाथला धाकट्या जावेकडे गेले. तिला तीन मुलं. ऑपरेशनचं नाव काढलं तशी ती घाबरली.

"अगं, दुर्बिणीचं आहे. एकच टाका. दुपारी घरी," मी म्हणाले. मला तरी कुठे काय माहीत होतं? पोस्टरवर होतं तेवढंच.

दीर तिला पाठवायला लगेच तयार झाला. पुरुषांचं याहून सोपं असतं, हे त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

शिबिरातून दुपारी तिला सोडलं. मी सोबतच होते. चारच्या सुमारास तिचा खांदा दुखायला लागला. "ताई, पोट पण फुगल्यासारखं वाटतंय हो."

"पोटात गॅस भरतात, त्यानेच दुखतं. नर्सबाई म्हणाल्या ना? पडून राहा."

तिने पाणी मागितलं, परत मागितलं. मी वर्गात दटावते तसं दटावलं, "तीन बाळंतपणं काढलीस, आणि एवढ्याशाने काय ग?" मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सहाला दीर कंपनीतून आला. त्याने तिचा हात धरला. "वहिनी, ही गार पडलीय!" उठवून बसवायला गेलो तर तिने मानच टाकली.

रिक्षाने उल्हासनगरला नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "आत रक्तस्राव होतोय. कधीपासून त्रास आहे?"

"आत्ताच सुरू झाला," मी म्हणाले.

पोट उघडावं लागलं. नळीजवळची रक्तवाहिनी फाटली होती, पोटात रक्त साठलं होतं. दिराने रक्त दिलं, त्याच्या कंपनीतल्या दोघांनी दिलं. ती वाचली. पण बेंबीखाली वीतभर व्रण राहिला, आणि पुढे कित्येक महिने तिला भरलेली कळशी उचलवत नव्हती.

शिबिरवाल्यांनी कागदावर 'अशक्तपणामुळे चक्कर' असं लिहिलं. केस माझ्या नावावर लागली. शाळेत मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, टाळ्या वाजल्या, आणि मी उभी राहून त्या घेतल्या.

जावेने मला कधी बोल लावला नाही. आल्यागेल्याला ती सांगायची, "त्या दिवशी ताई जवळ होत्या, म्हणून मी वाचले." मी तिथेच बसलेली असायचे. एकदाही तिला अडवलं नाही.