फणसाखालचा लव्हाळा

शेवटच्या भेटीत वसंतकाकांनी हॉस्पिटलच्या खाटेवरून एकच विचारलं होतं, "फणसाखाली कसं आहे गं?" मी म्हणाले, "छान आहे, काका." त्यांनी डोळे मिटले… दोन दिवसांनी फोन आला. त्याला आता सहा आठवडे झाले.

काका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. हेब्बाळच्या कारखान्यात मोजमापं तपासण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे कुवेंपुनगरातल्या आमच्या घराचं अंगणही दोरी लावून आखलेलं. फणसाच्या सावलीत मात्र काही टिकत नसे. लॉन पिवळं पडलं, गुलाब गेले. मग एका रविवारी येलवालच्या पुढच्या तळ्याकाठून, झाडांच्या सावलीतून, ते लव्हाळ्याचे ठोंब ओल्या गोणपाटात बांधून स्कूटरवरून घेऊन आले. वीत-वीत अंतरावर लावले, कडेला विटा तिरक्या रोवल्या, सुकलेली पाती कात्रीने कापत राहिले. गवताला आम्ही इथे कानडीतलं हुल्लुच म्हणतो. समोरच्या मालतीअक्का फाटकातून विचारायच्या, "एनु वसंतराव, हुल्लु विकायला काढलंय काय?" "हुल्लु नव्हे री ते," काका मान वर न करता म्हणायचे, "बोटांत फिरवून बघा." मलाही त्यांनी तेच शिकवलं होतं. गवताची काडी बोटांत गोल फिरते. लव्हाळ्याच्या काडीला तीन कडा, ती अडखळते. मी तेव्हा दहावीत होते, कानात इयरफोन. काडी फिरवली आणि टाकून दिली.

ते हॉस्पिटलात असताना, घरी येतील तेव्हा अंगण स्वच्छ दिसावं म्हणून मी माळ्याला बोलावलं. फणसाखाली बसून त्याने विचारलं, "इदु हुल्लु ताने?" हे गवतच ना? अनोळखी माणसाशी बोलणं मला नको असतं. न पाहताच "हौदु" म्हणाले आणि आत गेले. संध्याकाळी विटांच्या आत नुसती काळी माती होती, झाडून काढलेली. ठोंब कचऱ्याच्या गाडीतून गेले होते.

घरात मला कुणी बोललं नाही. आई एवढंच म्हणाली, "त्यांना नको सांगूस." मी सांगितलं नाही… खरं सांगितलं असतं तर ते रागावले नसते. "सुम्ने, उगाच रडू नको, परत आणू," म्हणाले असते. तेवढं ऐकायचं राहून गेलं.

आता विटांच्या आत काहीबाही उगवतंय. आई म्हणते, "गवत आलंय, काढून टाक." रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आधी मी तिथे वाकते, एकेक काडी दोन बोटांत फिरवते, मगच उपटते. अजून तरी सगळ्या गोलच फिरतात.