शेंदराखालचा चंद्र

नाथानं ओमानहून बहिणीसाठी अत्तर आणलं नाही, साडी आणली नाही; आणला एक दगड. तिकडं तो कुणा शेखाची उंटं राखायचा. वाळवंटात सगळं पिवळं, त्यात हा मुठीएवढा करडा तुकडा दिसला आणि भूशास्त्र शिकलेली सुप्रिया त्याला आठवली.

सुप्रियाचा नवरा माउली राजगडाच्या पायथ्याशी, पाली गावाच्या वरच्या धनगरवाड्यात शेळ्या पाळतो. बी.एस्सी. झाल्या झाल्या तिचं लग्न लावून दिलं आणि पुढचं शिक्षण जागच्या जागी राहिलं. दगड हातात आल्यावर मात्र बाईचे डोळे लकाकले. करड्या दगडात पांढरे तुकडे, चिक्कीत शेंगदाणे असावेत तसे. ते पांढरं म्हणजे फेल्डस्पार नावाचं खनिज. राजगडाच्या काळ्या पाषाणातही तो असतो, पण असा फुटून पुन्हा एकजीव झालेला नव्हे. शिवाय लोहचुंबक जेमतेम चिकटत होतं. आकाशातून पडलेल्या इतर दगडांत लोखंड भरपूर, चंद्रावरून उडून आलेल्यात नावाला. तिनं पुण्यातल्या जुन्या सरांना फोटो पाठवले. सर म्हणाले, "चंद्राचा असू शकतो. नखाएवढा तुकडा कापून तपासावा लागेल. घेऊन ये, त्यावर तूच काम कर." त्या वाक्यानंतर तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

पण तोवर दगड जपायचा कुठं? वाड्यावरची माणसं शेळ्या वळवायला हाताला लागेल तो धोंडा भिरकावतात. म्हणून या शहाणीनं तो देव्हाऱ्यात ठेवला. तिथल्या वस्तूला कुणी हात लावत नाही. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! सकाळी पूजेला बसलेल्या सासूला, पारूबाईंना, टाकांशेजारी नवा देव दिसला. त्याच दुपारी रानात चुकलेली गाभण शेळी आपल्या पायांनी घरी आली. मग काय, शेंदूर चढला, नारळ फुटला.

"आत्या, त्यो देव न्हाई, चंद्रावरचा दगड हाय," सुप्रिया कळवळून म्हणाली.

"मंग? चंद्र देव न्हाई व्हय?"



शेंदूर लागलेल्या देवाला छिन्नी लावणं सोडाच, जागचा हलवतही नाहीत. शिवाय वाड्यानं ठरवलं, देव जिच्या हातानं आला, दिवाबत्ती तिचीच. दिवा चुकवून तिनं कुठं मुक्कामाला राहायचं नाही. माउली चांगला माणूस, पण आईपुढं त्याचं तोंड उघडत नाही. पुण्याची वाट बंद झाली, आणि दाराला कडी तिनंच लावली होती. याचा तिला इतका राग येई की तव्यावरच्या भाकऱ्या करपत.

परवा सरांचा फोन आला. देवाची गोष्ट त्यांना सांगायची तिला लाज वाटली. "सर, साधा दगड निघाला," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

मागं पारूबाई उभ्या होत्या. "घरच्या देवाला साधा म्हंतीस? नाक घास त्याच्यापुढं!"

सुप्रियानं नाक घासलं. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली.

"माफी मागितलीस न्हवं?" म्हातारीनं विचारलं.

तिनं होकाराची मान हलवली. माफी तिनं मागितलीच नव्हती. दगडातली खनिजं तोंडपाठ असलेल्या त्या पोरीनं डोळे मिटून त्याच दगडाला विनवलं होतं, मला हितनं सोडव.