अँटेनावरचे सोवळे

देवपुरातील आमच्या गच्चीवर एक हवामानयंत्र आहे. वारा, आर्द्रता आणि पाऊस यांच्या नोंदी ते हौशी रेडिओवरून, एरंडोलच्या मधल्या केंद्रामार्गे, जळगावच्या माझ्या स्नेह्यांकडे पाठवते. स्नेह्यांची डाळमिल आहे. भिजवलेली तूर ते उघड्या अंगणात वाळवतात. पाऊस बहुधा आमच्याकडून त्यांच्याकडे सरकतो आणि सकाळी पूजेत असताना मी फोन घेत नाही. म्हणून पावसाची वर्दी यंत्रानेच द्यायची, असे आमचे ठरलेले.

यंदाच्या भाद्रपदात मात्र नोंदी रोज सकाळी थांबू लागल्या आणि दुपारी आपोआप सुरू होऊ लागल्या. वायरी तपासल्या, बॅटरी बदलली. गुण आला नाही.

"नाना, तुमच्यासोबत यंत्रही पूजेला बसतं की काय?" स्नेही फोनवर म्हणाले. "उद्या तूर पसरायचीय आणि आभाळाचा भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी स्नान होताच मी गच्चीवर गेलो. आमची सौभाग्यवती माझे निथळते सोवळे काठीने अँटेनाच्या आडव्या दांडीवर पसरत होती.

"अगं, इथे?"

"रंगकामात सोवळं वाळवायचा आपला वेळू मोडला ना! इथे कुणाचा हात तरी लागत नाही."

त्या ओल्या वस्त्रापाशीच लहरी अडत होत्या. मी काठीनेच ते उचलून टाकीच्या पाइपावर टाकले आणि पूजेला बसलो. आरतीच्या सुमारास बाहेर सर कोसळली.

पूजा आटोपताच फोन केला.

"तुमचा पाऊस यंत्रावर दिसला, लगेच ताडपत्री ओढली," स्नेही म्हणाले. "आता इथे धो धो चाललाय, नाना, पण एक दाणा भिजला नाही."