उलटा व्हॉल्व्ह

माझे बाबा नगरपालिकेत पाणी सोडतात. आमच्या भागाचा मुख्य व्हॉल्व्ह कुणा शहाण्याने उलटा बसवलाय. बंद करायला फिरवला की उघडतो. तो बदलायचा विषय दर सभेत निघतो आणि चहा पिऊन सगळे घरी जातात. एकदा बाबा तापाने झोपले, तेव्हा बदली माणसाने बंद करतोय समजून तो पूर्ण उघडला. जुनी पाइपलाइन फुटली, बाजारात गुडघाभर पाणी. तेव्हापासून बाबांना रजा नाही.

माझ्या लग्नातसुद्धा शेजाऱ्यांनी त्यांना विचारलं, "तुम्ही इथे, मग पाणी कोण सोडतंय?" बाबा भरल्या ताटावरून उठून गेले.

मी चिडून म्हणायचे, "त्या व्हॉल्व्हशीच संसार करा!"

आई म्हणायची, "करतातच आहेत. मी आपली शेजारीण."

या महिन्यात ते निवृत्त होणार होते. दोघांना कायमचं माझ्याकडे न्यायला मी आले होते. आईची बॅग भरून तयार होती. तेवढ्यात नगराध्यक्ष गुच्छ घेऊन दारात.

"अभिनंदन! तुमच्याशिवाय शहराचं पान हलत नाही. तुम्हाला दोन वर्षं मुदतवाढ द्यायचा ठराव एकमताने मंजूर झालाय."

"आणि नवा व्हॉल्व्ह?" मी विचारलं.

"तो विषय पुढच्या सभेत आहे."

बाबांनी मान खाली घालून गुच्छ घेतला. आईने बॅग उघडली आणि एकेक साडी परत कपाटात ठेवली. मग पदर खोचून म्हणाली, "चहा केला असता साहेब, पण आमच्याकडे पाणी उद्या येतं."